मुलींच्या फुटबॉलला माणसं आणायची कशी, आणि आली तर वातावरण कसं करायचं?

शहाद्याचे_पीटी_सर:

नमस्कार मंडळी. शहादा तालुक्यातल्या एका शाळेत मी क्रीडाशिक्षक आहे. येत्या जानेवारीत (२०२६), संक्रांत झाली की, आमच्या मैदानावर मुलींची फुटबॉल स्पर्धा भरवतोय. नंदुरबार, धुळे, जळगाव तिन्ही जिल्ह्यांतल्या शाळांना बोलावलंय. सातपुड्यातल्या धडगाव-मोलगीकडच्या आश्रमशाळांच्या पोरीही येणार आहेत. त्या एकदा पळायला लागल्या की बघणाऱ्याची नजर हटत नाही.

मैदान, पंच, मुक्काम, जेवण हे सगळं होईल. काळजी प्रेक्षकांची आहे. मागे एका गावी अशीच स्पर्धा बघितली. कुंपणाला टेकून टवाळ पोरांची रांग, हातात मोबाईल, मुलींच्या हाफ पँटवरून शेरे. डीजेचा दणदणाट चालू, पण गोल कुणी मारला हे शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. पाहुणे नारळ फोडून, शाल-श्रीफळ घेऊन हाफटाइमच्या आत गेले. एका गोलकीपरची आई रस्त्यापलीकडे लिंबाखाली उभी राहून बघत होती. आत या म्हटलं तर म्हणाली, "तिथं समदी माणसं शेत," म्हणजे तिथं सगळे पुरुषच आहेत.

मला ती बाई आत, पहिल्या रांगेत बसलेली हवी आहे. तुमच्यापैकी कुणी मोठ्या स्पर्धा प्रत्यक्ष बघितल्या असतील, नवी मुंबईतल्या किंवा परदेशातल्या. तिथं बसल्यावर कसं वाटत होतं? आणि त्यातलं काय आपल्या मातीत रुजेल?

बोरीकाठची_शिलाईवाली:

सर, मी अमळनेरची. लेडीज टेलरिंगचं दुकान आहे आणि लेक गोलकीपर आहे, त्यामुळे तुमचा प्रश्न दोन्हीकडून माझा आहे. थोडं सविस्तर लिहिते.

२०२२च्या दिवाळीत भाऊबीज उरकली आणि माझ्या भाच्या अजून माहेरपणाला आलेल्या आईबरोबर घरीच होत्या. लेकीनं हट्ट धरला की नेरुळला डी. वाय. पाटील स्टेडियमला सतरा वर्षांखालच्या मुलींच्या विश्वचषकाची फायनल आहे, जाऊच. ३० ऑक्टोबर, रविवार. जळगावहून रात्रीची गाडी धरून ठाण्याला उतरलो, बहिणीकडे ऐरोलीला आंघोळी केल्या आणि लोकलनं नेरुळ. आपली भारताची टीम तेव्हा केव्हाच बाहेर पडली होती. भुवनेश्वरला अमेरिकेकडून ८-०, मग मोरोक्कोकडून ३-०, ब्राझीलकडून ५-०. तरी नेरुळ स्टेशनच्या बाहेर पोरींचे थवेच्या थवे चालत होते. कुणी शाळेच्या ट्रॅकसूटमध्ये, कुणी क्लबच्या जर्सीत, कुणी बापाच्या खांद्यावर.

त्या दिवशी दोन सामने होते. पहिला तिसऱ्या क्रमांकाचा, नायजेरिया आणि जर्मनी. आमच्या पुढच्या रांगांत कुठल्याशा अकॅडमीच्या पोरी होत्या, सगळ्या एका रंगाच्या जर्सीत. माझी नजर आधी शिवणीकडे जाते: डॉट निटचं कापड, पाठीवर नंबर, नाव कुणाचंच नाही. त्यांनी नायजेरियाची बाजू घेतली. नावं माहीत नव्हती म्हणून त्या नंबरानं हाका मारत होत्या, "ए दहा! दहा, सोड ना बॉल!" नायजेरियानं तीन गोल चढवले, जर्मनीनं तिन्ही फेडले, शेवटी पेनल्टीवर नायजेरिया जिंकली. गोंगाट भरपूर होता. पण तो सगळा चेंडूमागे पळत होता, कुठल्या पोरीपाशी थांबत नव्हता.

मधल्या वेळात त्या गटातल्या एकीनं मोबाईलवर फायनलच्या दोन्ही संघांची, स्पेन आणि कोलंबियाची, यादी उघडली आणि मोठ्यानं वाचायला घेतली. कोलंबियाच्या यादीत लिंडा कायसेदो. कुणीतरी सांगितलं की ही सतरा वर्षांची पोरगी मोठ्यांच्या राष्ट्रीय संघातही खेळते. झालं. फायनल सुरू झाली आणि पहिल्यांदा तिच्या पायात चेंडू आला तसा आमचा सगळा कोपरा ओरडला, "लिंडाऽऽ!" माझी लेक, जी घरात पाणी मागतानाही हळू बोलते, ती खुर्चीवर उभी राहून घसा फाडत होती. मी तिला गप्प बस म्हटलं नाही. आजूबाजूला कुणीच कुणाच्या पोरीला गप्प बस म्हणत नव्हतं. त्या संध्याकाळचं मला सगळ्यात जास्त लक्षात राहिलंय ते हेच.

८२व्या मिनिटाला कोलंबियाच्याच एका पोरीच्या पायाला लागून चेंडू आपल्याच जाळ्यात गेला आणि स्पेन १-० नं जिंकलं. आमचा कोपरा शेवटपर्यंत लिंडालाच हाका मारत होता. पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये मोठ्यांचा विश्वचषक झाला तेव्हा सिडनीत जर्मनीविरुद्ध तिनं जो गोल मारला, तो आमच्या घरात "आपल्या लिंडाचा" गोल होता. अमळनेरच्या पोरीला कोलंबियाची पोरगी आपली वाटते, ती एका संध्याकाळी नाव घेऊन ओरडल्यामुळे.

म्हणून सर, माझं म्हणणं एकच आहे. मैदानावर पाऊल टाकणाऱ्या प्रत्येक मुलीचं नाव मैदानभर ऐकू गेलं पाहिजे. माईकवर तिचं नाव, गावाचं नाव, आईचं नाव. बदली खेळाडू आली तरी नाव, गोल अडवला तरी नाव. डीजेला पैसे घालवू नका, तेच पैसे चांगल्या लाऊडस्पीकरवर आणि चांगल्या बोलणाऱ्या बाईवर घाला. ती आपल्या बोलीत बोलणारी असू द्या. आणि धडगावकडच्या आया येणार असतील तर पावरी बोलणारी एखादी मोठी विद्यार्थिनीही शेजारी बसवा. "समदी माणसं शेत" म्हणणाऱ्या बाईला आतून तिच्या भाषेत हाक आली तर ती येते. आमच्याकडे मागच्या हिवाळ्यात शाळेच्या सामन्यात माईकवरनं माझ्या लेकीचं नाव आलं आणि शेजारी बसलेल्या माझ्या सासूबाई उठून लोकांना सांगायला लागल्या, "हाई मन्ही नात शे!" त्याआधी याच सासूबाई तिच्या हाफ पँटवरून रुसून बसायच्या.

आता बसण्याचं. आपल्याकडे पाहुण्यांचे सोफे ऐन मधोमध, साइडलाइनला लावतात आणि त्यामागे बाकीच्यांना पाठी दिसतात. सोफे गोलपोस्टच्या मागच्या बाजूला न्या. मधली जागा आया-आज्या-बहिणींना, सतरंज्या आणि वर कापड. जानेवारीतही दुपारी दोनचं ऊन आपल्याकडे सोसत नाही. आणि स्वच्छतागृह. नेरुळला मी सगळ्यात आधी ते बघितलं, जवळ होतं आणि पाणी होतं, म्हणून आम्ही दोन्ही सामने बसू शकलो. बाई हाफटाइमला उठून जाते आणि परत येत नाही, त्याला बहुतेक वेळा हेच कारण असतं. शाळेच्या मुलींचं स्वच्छतागृह उघडं ठेवा, पाण्याची टाकी भरलेली ठेवा, किल्ली शिपायाच्या खिशात नको.

तारीख संक्रांतीनंतर धरलीत हे फार चांगलं केलंत. दिवाळीपासून पुढे कापसाची वेचणी असते आणि बायका सकाळपासून शेतात. पण तुमच्याकडे फरदड ठेवणारे, म्हणजे मुख्य वेचणीनंतरही कापसाची झाडं शेतात राखणारे, असतील तर जानेवारीतही वेचणी चालते. महत्त्वाचे सामने चारच्या पुढे ठेवा.

आणि गाण्याची तर आपल्याला कमतरताच नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, झोक्यावर बसून समोरच्या गल्लीला चिडवणारी गाणी म्हणणाऱ्या बायका प्रत्येक गावात आहेत. कानबाई देवीच्या उत्सवात रात्र जागवणाऱ्याही त्याच. प्रत्येक संघाबरोबर अशा चारजणी आणा. चाल त्यांची, नावं संघातल्या पोरींची. समोरच्या गावाला चिडवण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही, आणि त्या चिडवण्यात अंगावरचा कपडा येत नाही, शरीर येत नाही. पोरांच्या शेऱ्यांना याहून चांगला उतारा मला तरी माहीत नाही. सातपुड्यातले संघ येणार तर त्यांचा मोठा ढोलही येऊ द्या.

एक राहिलं. त्याच नेरुळच्या मैदानावर २०२२च्याच २० जानेवारीला आपल्या मोठ्या मुली आशिया चषकात इराणशी खेळल्या होत्या, ०-०. कोरोनामुळे प्रेक्षकांना प्रवेश नव्हता. मग संघातच कोरोना शिरला आणि यजमान असून आपण स्पर्धेतून बाहेर. टीव्हीवर तो सामना बघताना गोलकीपरची आरोळी स्पष्ट ऐकू येत होती, कारण दुसरा आवाजच नव्हता. घरच्या मैदानावर खेळायला मिळणं हे खेळाडूच्या आयुष्यात एखाद्याच वेळी येतं. तुमच्याकडच्या पोरींना ते रिकाम्या मैदानात मिळू नये असं मनापासून वाटतं.

चाळीसगावकर_सध्या_बर्न:

ताईंनी खूप छान लिहिलंय. मी चाळीसगावचा, नोकरीनिमित्त स्वित्झर्लंडमध्ये. २०२५च्या जुलैत इथं महिलांची युरो, म्हणजे युरोपातल्या देशांची फुटबॉल स्पर्धा, झाली. घरचा संघ पहिलाच सामना बासेलला नॉर्वेकडून १-२ हरला, तेव्हा वाटलं आता लोक पाठ फिरवतील. उलटंच झालं. जिनिव्हात फिनलंडशी शेवटच्या क्षणी, ९२व्या मिनिटाला बरोबरी साधली आणि उपांत्यपूर्व फेरी गाठली. त्या रात्री आमच्या गल्लीत लोक गॅलरीत येऊन भांडी वाजवत होते.

१८ जुलैला बर्नमध्ये स्पेनशी सामना. त्याआधी शहरातून स्टेडियमपर्यंत चाहत्यांची पदयात्रा निघाली, दहा हजारांहून अधिक माणसं, सगळी लाल कपड्यांत. मी लेकीला खांद्यावर घेऊन चाललो. बाबागाड्या होत्या, काठी टेकत चालणाऱ्या आज्या होत्या, शाळकरी पोरींच्या गालांवर पांढरा क्रॉस रंगवलेला. रस्त्याच्या कडेला दुकानदार टाळ्या वाजवत उभे. कुठेही धक्काबुक्की नाही, आणि पुरुष भरपूर असूनही एकाही बाईला जपून चालावं लागत नव्हतं. आम्ही ०-२ नं हरलो. सामना संपल्यावर स्पेनच्या खेळाडूंनी दोन रांगा करून स्विस मुलींना मानवंदना दिली आणि सगळं स्टेडियम जागेवर उभं राहून टाळ्या वाजवत राहिलं. (ताई, तुम्ही नेरुळला बघितलेल्या स्पेनच्या संघातली व्हिकी लोपेझ याच स्पर्धेत इथं बर्नमध्येच पोर्तुगालविरुद्ध गोल मारून गेली. तुमच्या लेकीला सांगा.)

सर, आपल्याकडे लागू पडेल असं एक सांगतो. इथं सामन्याच्या तिकिटातच रेल्वे-बसचा प्रवास धरलेला होता. तिकीट दाखवायचं आणि देशात कुठूनही यायचं. एकूण साडेसहा लाखांवर प्रेक्षक आले, महिलांच्या युरोत आजवरचे सर्वाधिक, त्यात या सोयीचा मोठा वाटा आहे असं माझं मत. तुमच्याकडे धडगावहून संघाची गाडी येईलच. त्याच गाडीत आयांसाठी जागा धरा, किंवा दुसरी गाडी करा. सातपुड्याचा घाट उतरून, पदरचं भाडं भरून, रोज बुडवून कोण बाई येईल? एका गाडीच्या डिझेलचे पैसे मी पाठवतो, मेसेज करा.

शहाद्याचे_पीटी_सर:

दोघांचेही मनापासून आभार. डिझेलबद्दल मेसेज केलाय भाऊ. ताई, आईचं नाव माईकवर घ्यायचं हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आता नोंदणीच्या फॉर्मवर आईच्या नावाचा रकाना घालतोय. एक शंका राहते: कुंपणावरच्या पोरांचं काय करायचं? काही शिक्षकांचं म्हणणं आहे की पुरुषांना प्रवेशच देऊ नका.

रेल्वे_ग्राउंड_भुसावळ:

सर, मी रेल्वेतून निवृत्त. तरुणपणी भुसावळच्या रेल्वे मैदानावर पुष्कळ फुटबॉल खेळलो. पुरुषांना बंदी घालू नका, हात जोडून सांगतो. बायकांचं फुटबॉल बघायला माणसं येत नाहीत हे खोटं आहे. १९२०च्या नाताळात लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर डिक, कर लेडीज या कारखान्यातल्या कामगार मुलींच्या संघाचा सामना बघायला ५३ हजार माणसं होती. दुसऱ्याच वर्षी तिथल्या फुटबॉल संघटनेनं आपल्या मैदानांवर बायकांच्या सामन्यांना बंदी घातली आणि ती जवळपास पन्नास वर्षं टिकली. पन्नास वर्षं तुटलेली सवय पुन्हा लागायला २०२२च्या महिला युरोची वेम्बलीवरची फायनल यावी लागली, इंग्लंड-जर्मनी, ८७ हजारांवर प्रेक्षक. आपल्याकडेही १९८०च्या जानेवारीत कालिकतला महिलांची आशियाई स्पर्धा झाली आणि भारत फायनलला पोचला होता. आमच्या पिढीतल्या किती जणांना हे कुणी सांगितलं? दाखवलं असतं तर बघितलं असतं.

टवाळ पोरांना काम द्या. सकाळी सहाला बोलावून फक्की मारायला लावा, चेंडू आणायला उभे करा, स्ट्रेचर त्यांच्या हातात द्या, स्कोअरबोर्ड त्यांना लिहू द्या. ज्यानं स्वतः रेषा आखली तो त्या रेषेबाहेरून शेरे मारत नाही. खेळणाऱ्या पोरींच्या भावांना पुढे घाला, बाकीचे आपोआप सरळ होतात. आणि रेल्वेतल्या सवयीनं सांगतो, दहा रुपये का होईना तिकीट लावा. पैसे मोजून आलेला माणूस सामना बघतो.

बोरीकाठची_शिलाईवाली:

काका, पोरांना काम देण्याचं तुमचं शंभर टक्के पटलं. बंदी मलाही नको, माझ्या लेकीला पहिल्यांदा गोलपोस्टमध्ये उभं केलं ते तिच्या मामानंच. पण तिकिटाला माझा विरोध आहे. दहा रुपये गड्याला काहीच नाहीत, तो चहाला घालवतो. बाई घरातून निघताना दहा रुपयांसाठीही कुणाला तरी विचारते, आणि जिथं विचारावं लागतं तिथं "कशाला जातेस" हा प्रश्न येतोच. लावायचंच तर पुरुषांना लावा, बायका-मुलींना मोफत. त्या पैशातून पोरींना हाफटाइमला केळी द्या. रावेर-यावलकडून येणारा एखादा संघ घडच्या घड घेऊन येईल, तो भाग वेगळा.

मोबाईलच्या बाबतीत मात्र कडक राहा, सर. काम दिलं तरी दोन-चार जण व्हिडिओ काढणारच. आमच्या लेकीच्या संघातल्या एका पोरीचा डाइव्ह मारतानाचा व्हिडिओ घाणेरडं गाणं लावून फिरवला गेला आणि घरच्यांनी तिचा खेळ बंद केला. चांगली डिफेंडर होती, अजून तिची आठवण काढतात पोरी. गेटवरच सांगा की शूटिंग फक्त शाळेचा नेमलेला माणूस करेल, आणि ते चांगलं करून सगळ्या पालकांच्या ग्रुपवर टाका. पालकांना पोरीचा चांगला व्हिडिओ मिळाला की ते स्वतः पन्नास जणांना दाखवतात, पुढच्या वर्षी ती पन्नास माणसं मैदानावर असतात.

आणखी एक मनात आहे. २०२५च्या जुलैत आपल्या मुलींनी थायलंडला त्यांच्याच घरी २-१ हरवलं, दोन्ही गोल संगीता बासफोरचे, आणि मार्च २०२६च्या ऑस्ट्रेलियातल्या आशिया चषकात जागा मिळवली. तुमच्या स्पर्धेनंतर दोन महिन्यांनी ते सामने आहेत. बक्षीस समारंभात नुसत्या ट्रॉफ्या देऊन लोकांना घरी पाठवू नका. माईकवरून सांगा की भारताचा सामना शाळेत पडद्यावर दाखवणार आहोत, सगळ्यांनी या. तोपर्यंत त्या आयांना ऑफसाइडही कळायला लागलेलं असेल.

राहिला माझा हिस्सा. तुमच्या यजमान संघाच्या जर्सी मी शिवून देते, कापडाचे पैसे तेवढे द्या, शिलाई नको. पाठीवर नंबर आणि वर नाव, देवनागरीत, लांबून वाचता येईल एवढं मोठं. पोरीला विचारून घ्या कुठलं नाव हवं ते, काहींना घरचं लाडाचं नाव आवडतं. गोलकीपरची बाही लांब आणि कोपराला आतून दुहेरी कापड लावते, खरचटत नाही. मापं घेताना छाती, खांदा आणि उंची तिन्ही लिहा, नुसतं "मीडियम" लिहून पाठवू नका. बाई शिक्षिकेकडूनच घ्या. आणि त्या लिंबाखाली उभ्या राहिलेल्या बाईंची पोरगी अजून खेळत असेल तर तिच्या शाळेचा नंबर मला द्या, तिची जर्सी मी वेगळी पाठवते. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत यादी आली तर बरं, पुढे लग्नसराईच्या ब्लाउजांची गर्दी सुरू होते.